हिरव्या शेवाळाचा हायड्रोजन

विहिरीच्या पायऱ्यांवर साचणारे शेवाळ आम्ही खरवडून टाकतो. मात्र त्याच्याच गोत्रातील काही सूक्ष्म जाती सूर्यप्रकाश व पाणी यांपासून इंधन घडवू शकतात. या शोधाचा इतिहास उद्बोधक आहे.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ हान्स गॅफ्रन यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले की, प्राणवायूविरहित वातावरणात काही तास ठेवलेले सेनेडेस्मस हे हिरवे शेवाळ हायड्रोजन वापरू लागते. १९४२ मध्ये जॅक रुबिन यांच्यासह त्यांनी याची उलट बाजू मांडली. तेच शेवाळ हायड्रोजन बाहेरही टाकते, आणि प्रकाशात अधिक वेगाने टाकते. हा वायू जाळला असता पाणी तयार होते. काजळी किंवा कार्बन डायऑक्साइड नाही.

असे असूनही हा शोध दीर्घकाळ प्रयोगशाळेतच राहिला. हायड्रोजन घडविणारे हायड्रोजनेज हे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते, आणि प्रकाशसंश्लेषणात तर प्राणवायूच निर्माण होतो. ज्या क्रियेतून इंधनाचा कच्चा माल मिळावयाचा, तीच त्याची वाट अडवीत असे. परिणामी प्रकाशात हायड्रोजनचा प्रवाह अल्पावधीतच थांबे.

तब्बल ५८ वर्षांनी, २००० मध्ये, बर्कलीचे अनास्तासिओस मेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी क्लॅमिडोमोनस या शेवाळाचे गंधक तोडले. पाण्याचे विघटन करणारी पेशीतील यंत्रणा प्रकाशाने सतत झिजते. गंधकावाचून तिची दुरुस्ती होत नाही. प्राणवायूची निर्मिती मंदावते, उरलेला श्वसनात संपतो. बंद पात्रात सुमारे एका दिवसानंतर हायड्रोजन निघू लागतो आणि काही दिवस निघत राहतो.

परंतु उपासमारीवर चाललेला हा कारखाना फार काळ टिकत नाही. पेशी स्वतःचा साठा खर्चून क्षीण होतात. त्यांना पुन्हा गंधक द्यावे लागते. उत्पन्नही तात्त्विक मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच तयार होतो.

ही विद्या शेवाळाने आपल्या जगण्यासाठी राखली आहे, आमच्या चुलीसाठी नव्हे. तिला आमच्या कामी लावावयाचे तर प्राणवायू सोसणारे विकर हवे. त्याचा शोध चालू आहे. म्हणून शेवाळाच्या इंधनाविषयी घाईची आश्वासने ऐकताना आम्ही १९४२ आणि २००० यांमधील अंतर ध्यानी ठेवावे. आणि संथ संशोधनाला निष्फळ म्हणण्यापूर्वीही तेच अंतर आठवावे.