कारकुनाचा चाकू

तलवारी, कट्यारी आणि बिचवे यांना पोवाडे लाभले. परंतु आपल्या देशात कित्येक शतके जे पाते दिवसातून अनेकदा उपयोगी पडे, ते कारकुनाच्या कलमदानात असे. त्याचे नाव कलमतराश, म्हणजे लेखणी तासावयाचा चाकू. कलम शब्द अरबीतला, तराश फारसीतला. दोन्ही दरबारी व्यवहाराबरोबर आपल्याकडे रुळले.

बोरू म्हणजे नुसती काडी. तिची लेखणी चाकूनेच घडवावयाची. प्रथम एक लांब तिरपा काप, मग टोक दोन्ही अंगांनी निमुळते करणे, मधोमध शाई उतरण्यापुरती चीर, आणि अखेरीस टणक फळीवर टेकवून टोकाचा एकाच झटक्यात छेद. हा शेवटचा हात चुकला की सारे पुन्हा करावे लागे. म्हणून पाते आखूड, पातळ व कडक धारेचे हवे, मूठ मात्र बोटांना भरपूर आधार देणारी. शिवाय देवनागरीच्या टोकाचा उतार रोमन लिपीच्या उलट! हातात चाकू असणाराच आपल्या लिपीचा उतार ठरवीत होता.

समर्थ रामदासांनी हा व्यवहार क्षुद्र मानला नाही. दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचाच आहे, आणि त्यात देशोदेशीच्या बोरूंबरोबर सुरी व कातरीही येते.

दक्षिणेत तऱ्हा निराळी. तेथे ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरीत, आणि पान कातरण्यास सुरी लागे. लेखणी आणि सुरी एकाच मुठीत मिटणारी जोड तेथील लेखक जवळ बाळगीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे आहेत आणि भोसले राजवटीचे मोडी कागदही आहेत. दोन निरनिराळ्या चाकूंचे हे काम एका छपराखाली जमलेले पाहावयास मिळते, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

पुढे १८३०च्या सुमारास बर्मिंगहॅमला पोलादी टाक यंत्रावर निघू लागले आणि कालांतराने आपल्या कचेऱ्यांतही पोहोचले. इंग्रजी पेननाइफ हेही मुळात पिसाची लेखणी कापण्याचेच हत्यार. त्याचे नाव राहिले, काम गेले. आपला चाकू शिसपेनीपुरता उरला. टाकाने सोय झाली, यात शंका नाही. पण परक्या लिपीसाठी घडलेल्या टोकाने आपल्या अक्षराची जाड-बारीक वळणे पुसट केली, हे नुकसान लहान मानता येत नाही.

जुन्या मोडी कागदावर ओळीमागून ओळ रेघ जाडावत जाते आणि मध्येच एखाद्या शब्दापासून एकदम बारीक होते. तेथे कारकून थांबला असावा आणि त्याने बोरू पुन्हा तासला असावा.