गोपनीयता (चिकित्सा मानसशास्त्र)

उपचारादरम्यान रुग्णाने सांगितलेली माहिती त्याच्या संमतीवाचून इतरांना न देण्याचे मानसशास्त्रज्ञावरील बंधन. रक्त तपासून निदान करण्याची सोय या शास्त्रात फारशी नाही. रुग्णाचे बोलणे हेच मुख्य साधन, आणि ते बाहेर जाणार नाही अशी खात्री पटल्याखेरीज तो मोकळा होत नाही.

या बंधनाला मर्यादा कोठे, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील टॅरासॉफ खटल्याने ऐरणीवर आणला. बर्कली येथील विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने १९६९ मध्ये तेथील रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स मूर यांच्याजवळ एका तरुणीला ठार मारण्याचा इरादा बोलून दाखवला. मूर यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले व त्याला रुग्णालयात दाखल करावे असे सुचवले. पोलिसांना तो भानावर वाटला. तिच्यापासून दूर राहण्याचे वचन घेऊन त्यांनी त्याला सोडून दिले. पुढे मानसोपचार विभागाच्या प्रमुखांनी मूर यांचे पत्र परत मागवले आणि नोंदी नष्ट करायला लावल्या. तातियाना टॅरासॉफ ही तरुणी तेव्हा ब्राझीलमध्ये होती. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीच सावध केले नाही. ती परतल्यावर, २७ ऑक्टोबर १९६९ रोजी, त्या विद्यार्थ्याने तिचा खून केला. म्हणजे मूर यांनी मौन पाळले म्हणून हे घडले, असे नाही. गुपित फुटले होते. ते जिच्या कानी जायला हवे तिच्यापर्यंत तेवढे गेले नाही.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये इशारा देण्याचे कर्तव्य सांगितले. फेरसुनावणीनंतर १९७६ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून, धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य ठरवले. न्या. क्लार्क यांचे मत विरोधी होते: रुग्ण बोलेनासे झाले तर हिंसा उलट वाढेल. ही शंका सहज झटकून टाकण्याजोगी नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती देता येते, पण तो धोका टाळण्यापुरतीच. ही मुभा आहे, सक्ती नव्हे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांबाबतचा २०१२ चा कायदा (पॉक्सो) मात्र अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करतो. त्यामुळे कोणती गोष्ट आपल्यापाशी राहू शकणार नाही, हे पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगणे इष्ट. आपल्याकडची रोजची अडचण याहून साधी असते: सोबत आलेले वडील, सासू किंवा नवरा ‘आत काय बोलणे झाले?’ असे हक्काने विचारतात. फी त्यांनी भरली, एवढ्याने त्यांना तो अधिकार मिळत नाही. प्रौढ रुग्णाने नामनिर्देशित केलेल्या प्रतिनिधीला कायद्याने दिलेले स्थान वेगळे.

संशोधनात रुग्णवृत्तांत छापताना नाव बदलणे पुरेसे ठरत नाही. तालुक्याच्या गावात व्यवसाय, वय आणि घरातील एखादी घटना एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. अशा खुणाही बदलाव्या किंवा गाळाव्या लागतात, आणि छापण्यास त्याची वेगळी संमती घ्यावी लागते.