अंगावर काढलेलं दुखणं: योनीमुखाच्या वेदनेची गोष्ट

आजचा विषय ऐकताना काहींना जरा अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. इअरफोन लावा आणि ऐका, कारण हे दुखणं तुमच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही असू शकतं.

मराठीत 'अंगावर काढणं' असा एक शब्दप्रयोग आहे. म्हणजे दुखणं कुणाला न सांगता, औषध न घेता, रेटत नेणं. बायकांची बरीच दुखणी अशीच निघतात. त्यात योनीमुखाचं दुखणं सगळ्यात पुढे, कारण त्या जागेला रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. आपण म्हणतो 'खाली', 'तिथे', 'जागेवर'. ज्याला नाव नाही, ते ओपीडीत दोन मिनिटांत सांगायचं कसं?

पण पूर्वी याबद्दल कुणी बोललंच नव्हतं, असंही नाही. चरकसंहितेत योनीचे वीस विकार सांगितले आहेत. त्यातल्या वातामुळे होणाऱ्या विकारात टोचल्यासारखं दुखणं, ताठरपणा आणि मुंग्या चालल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिली आहेत. पित्ताच्या विकारात आग होणं येतं. आजची एखादी पेशंटसुद्धा जवळपास हेच शब्द वापरेल.

आता थेट १८८० च्या दशकात येऊ. अमेरिकेत टी. गेलार्ड थॉमस या डॉक्टरांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात योनीमुखाच्या नसा अतिसंवेदनशील होण्याच्या विकाराचं वर्णन केलं. त्याच सुमारास आपल्या मुंबईत प्रश्न याहून साधा होता: बाईला तपासायला बाई डॉक्टर आहे का? अनेक घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेत नसत. त्यासाठी वर्गणी गोळा झाली, १८८३ च्या अखेरीस इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची आल्या आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठी, बायकांनी चालवलेलं.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे त्या लंडनला जाऊन शिकल्या आणि डॉक्टर झाल्या. या खटल्याचा वेदनेशी काय संबंध? संबंध आहे. बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हाच तो वाद होता. संबंधाच्या वेळी दुखतं, हे सांगायची हिंमत व्हायला आधी 'नको' म्हणायचा हक्क लागतो.

मग शंभर वर्षांनी गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या किती? फक्त ८ टक्के. त्यात निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा होता, म्हणजे आपण बोलतोय तो आजार तिथे मोजला नव्हता. पण एक गोष्ट जगाला कळली: बायका सांगत नाहीत म्हणजे त्यांना दुखत नाही, असं नसतं. कुणी विचारलेलंच नसतं.

तिकडे थॉमस यांचं वर्णन कित्येक दशकं जवळजवळ विसरलं गेलं होतं. योनीमुखाच्या आजारांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७० मध्ये स्थापन झाली आणि विषय पुन्हा वर आला. आज या वेदनेला व्हल्व्होडायनिया म्हणतात: तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, स्पष्ट कारण न सापडणारं योनीमुखाचं दुखणं. २००३ मध्ये बोस्टन भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १६ टक्के बायकांनी आयुष्यात कधीतरी अशी तीन महिन्यांहून लांबलेली वेदना झाल्याचं सांगितलं. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नाही.

आता आपल्या उपनगरात येऊ. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड. इथे डॉक्टर आहेत, सोनोग्राफी आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर केमिस्ट आहे. तरी गोष्ट बहुतेक वेळा अशी जाते: आग होते, केमिस्टकडून बुरशीचं मलम येतं, थोडं बरं वाटतं, पुन्हा आग. मग दुसरी ट्यूब. अशा काही मलमांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं आणि त्याने त्वचा पातळ होऊ शकते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की कुणीतरी म्हणतं, 'टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की बरं होईल.' आणि ती पुन्हा रिक्षात खड्डे मोजत, दात आवळून बसते.

रिपोर्ट नॉर्मल असणं हाच निदानाचा एक भाग आहे. आधी जंतुसंसर्ग, त्वचारोग, हार्मोन्सचा बदल, नसांचे आजार नाहीत ना, हे बघतात. मग कापसाच्या काडीने हलकेच स्पर्श करून नेमकं कुठे दुखतं ते शोधतात. वेदना खरी असते; त्या भागातल्या नसा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जास्तच सावध झालेले असतात.

उपाय आहेत, पण त्यांना महिने लागतात. सुगंधी वॉश आणि साबण त्या जागी बंद, नुसतं पाणी पुरे. सैल सुती कपडे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. डॉक्टरांच्या सल्ल्याने बधिर करणारं जेल किंवा नसांच्या दुखण्यावर चालणाऱ्या, कमी डोसच्या गोळ्या. समुपदेशनही उपयोगी पडतं, कारण सततचं दुखणं मनालाही थकवतं. ऑपरेशन क्वचितच, एकाच ठिकाणी दुखत असेल आणि बाकी उपाय थकले असतील तरच.

डॉक्टरकडे जाताना मोबाईलमध्ये चार ओळी लिहून न्या: कधीपासून, नेमकं कुठे, कशाने वाढतं, आतापर्यंत काय काय लावलं. बोलवलं नाही तर फोन पुढे करा. एका डॉक्टरने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ऐकणाऱ्या मुलग्यांनो, तुमची बायको किंवा मैत्रीण 'दुखतंय' म्हणाली, तर तिथे थांबा. एवढं तरी आपण १८८७ च्या कोर्टापेक्षा पुढे आलेलो असायला हवं.

भेटू पुढच्या भागात. हा भाग जिला हवा आहे, तिला पाठवा.