राष्ट्रीय संघास दिलेला नकार

राष्ट्राच्या संघातून खेळण्यास नकार देणारा खेळाडू राष्ट्रहितापेक्षा स्वार्थ मोठा मानतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेच्या महिला आइस हॉकी संघाचा २०१७ मधील लढा या समजाचा फेरविचार करावयास लावतो.

हा संघ त्या वेळी जगज्जेता होता. १५ मार्च रोजी कर्णधार मेगन डग्गन, हिलरी नाइट आदी अनुभवी खेळाडूंनी जाहीर केले की, राष्ट्रीय संघटनेशी न्याय्य करार न झाल्यास ३१ मार्चपासून मिशिगन राज्यात होणाऱ्या जागतिक स्पर्धेत आपण उतरणार नाही. संघटना ऑलिंपिकपूर्व सहा महिन्यांपुरतेच दरमहा १,००० डॉलर देते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. मुलींच्या संघांकरिता अधिक तरतूद व्हावी, हीही मागणी होती.

संघटनेने पर्यायी खेळाडूंचा शोध आरंभिला आणि निर्णायक घटना येथेच घडली. राष्ट्रीय पोशाख ज्यांना एरवी दुर्लभ, अशा अनेक नवोदित खेळाडूंनीही निमंत्रण अव्हेरले. २८ मार्च रोजी चार वर्षांचा करार झाला. ७ एप्रिल रोजी याच संघाने अंतिम सामन्यात जादा वेळेत कॅनडास ३-२ असे नमविले.

ज्येष्ठांच्या पाठीशी कीर्ती होती. नवोदितांना मात्र हाती आलेली संधी सोडावी लागली. म्हणून या यशाचे श्रेय केवळ नामवंतांस देणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. त्यांची जागा घेण्यास कोणी सहजी पुढे आले नाही, यातच त्यांच्या नकाराचे सामर्थ्य होते.