जिंकलेल्या शहराचा कारभारी

एप्रिल १९४५ च्या तिसऱ्या आठवड्यात सोव्हिएत फौजा बर्लिनच्या हद्दीत शिरल्या. पूर्वेकडून सर्वांत आधी शिरलेल्यांमध्ये पाचवी शॉक आर्मी होती. तिचा सेनापती निकोलाय बेर्झारिन त्या महिन्याच्या १ तारखेला ४१ वर्षांचा झाला होता. शहराच्या मध्यभागी अजून घराघरांतून लढाई चालू असतानाच, २४ एप्रिलला, मार्शल झुकोव्हने त्याला बर्लिनचा कमांडंट नेमले. शहर पुरते हाती आलेले नाही आणि त्याचा कारभारी ठरला आहे, अशी ती नेमणूक.

हा माणूस सेंट पीटर्सबर्गच्या कामगार कुटुंबातला. आईवडिलांचे छत्र पोरवयात हरपले आणि चौदाव्या वर्षी, १९१८ साली, तो लाल सेनेत भरती झाला. पुढे अतिपूर्वेकडील छावण्या, १९३८ साली खासान सरोवराकाठी जपान्यांशी झालेली लढाई, मग हिटलरची स्वारी आणि मॉस्कोपासून ओडर नदीपर्यंतचा चार वर्षांचा रक्ताळलेला रस्ता. नगरपालिका कशी चालते हे शिकायला यात सवड कुठे होती?

२८ एप्रिलला त्याचा पहिला हुकूम भिंतींवर लागला. नाझी पक्ष बरखास्त, शस्त्रे जमा करा, रात्रीची संचारबंदी, हे सगळे कुठल्याही विजेत्याच्या हुकुमात असते. मात्र त्याच कागदावर पाणी, वीज, दवाखाने, दुकाने आणि बेकऱ्या चालू करण्याचीही आज्ञा होती. मला या माणसाविषयी कुतूहल वाटते ते या बेकऱ्यांमुळे. ढिगाऱ्यांत वीस लाखांहून जास्त माणसे उरली होती. ती उपाशी होती, आणि कालपर्यंत शत्रू होती.

मे महिन्याच्या मध्यावर रेशनकार्डे आली. माणसांच्या पाच श्रेणी पाडल्या होत्या. अतिकष्टाचे काम करणाऱ्याला रोज ६०० ग्रॅम पाव, आणि शेवटच्या श्रेणीला, ज्यात गृहिणी आणि बिनकामाचे लोक होते, ३०० ग्रॅम. या शेवटच्या कार्डाला बर्लिनकर ‘स्वर्गारोहणाचे कार्ड’ म्हणत. हे कार्ड मिळाले की थेट वरची वाट! नामवंत कलावंत आणि शास्त्रज्ञ मात्र पहिल्या श्रेणीत, अंगमेहनतीच्या कामगारांच्या बरोबरीने. १४ मेला भुयारी रेल्वेचे काही टप्पे धावू लागले. १९ मेला नवे नगरमंडळ बसले. महापौर कुठल्याच पक्षाचा नसलेला अडुसष्ट वर्षांचा इंजिनिअर आर्थर वेर्नर, आणि उपमहापौर कम्युनिस्ट कार्ल मारोन. दर्शनी खुर्ची कुणाला आणि किल्ल्या कुणाकडे, हे यावरून कळते. शहराची घड्याळेही मॉस्कोच्या वेळेला लावली गेली.

२६ मेला लिओ बोर्शार्डच्या हाताखाली बर्लिन फिलहार्मोनिकने युद्धानंतरची पहिली मैफल केली. सुरुवात मेंडेलसोनने, म्हणजे ज्यू म्हणून नाझींनी वर्ज्य केलेल्या संगीतकाराने.

पण याच आठवड्यांची एक दुसरी नोंदवही आहे. ‘बर्लिनमधील एक स्त्री’ या नावाने प्रसिद्ध झालेली निनावी डायरी २० एप्रिलला सुरू होते आणि २२ जूनला संपते. जवळपास बेर्झारिनच्याच कारकिर्दीएवढी. तिच्यातही पावाची रांग आहे, नळाची रांग आहे, आणि जिन्यांवर, तळघरांत, बिछान्यांत सैनिकांनी केलेले बलात्कार आहेत. एकट्या बर्लिनमधल्या अशा स्त्रियांचे अंदाज लाखाच्या घरात जातात. पाव देणारे सैन्य आणि हे करणारे सैन्य एकच होते. कमांडंटच्या कारभाराचे कौतुक करताना ही डायरी बाजूला ठेवता येत नाही. आणि डायरी वाचताना, त्या पावाशिवाय आणखी किती माणसे मेली असती, हा प्रश्नही सुटत नाही. दोन्ही एकाच ताळेबंदात मांडून बेरीज करण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

१६ जूनला सकाळी बेर्झारिन मोटरसायकलवरून आपल्या मुख्यालयाकडे चालला होता. पूर्व बर्लिनच्या फ्रीडरिश्सफेल्डे भागात तो लष्करी ट्रकांच्या ताफ्यावर आदळला आणि जागीच गेला. घातपाताच्या वावड्या उठल्या, पण तो रस्त्यावरचा अपघात होता. जेमतेम आठ आठवड्यांचा कारभार. अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा जुलैत बर्लिनमध्ये आल्या तेव्हा तो मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत होता.

खरा वाद पुढचा. पूर्व बर्लिनने १९७५ साली त्याला मरणोत्तर मानद नागरिक केले. जर्मनी एक झाल्यावर १९९२ साली नवी यादी करताना त्याचे नाव गाळले गेले. १९४० साली बाल्टिक प्रदेशातून लोकांना हद्दपार करण्यात त्याचा हात होता, असा आरोप होता. कागद तपासले तेव्हा त्या साली तो हजारो मैल दूर, अतिपूर्वेला होता असे निघाले. रीगाला तो आला १९४१ च्या मे महिन्यात. बऱ्याच वादावादीनंतर २००३ साली नाव यादीत परत आले. ती निनावी डायरीही जर्मनीत पुन्हा छापली गेली ती त्याच वर्षी. १९५९ च्या पहिल्या जर्मन आवृत्तीला शिव्याशाप मिळाले होते; या खेपेला लोकांनी ती वाचली.

फ्रीडरिश्सहाइन भागातल्या एका रस्त्याला १९४७ मध्ये बेर्झारिनचे नाव दिले होते. १९९१ साली ते काढून जुने नाव परत लावले: पीटर्सबर्गर श्ट्रासे, म्हणजे त्याच्याच जन्मगावाचे. त्या रस्त्यावरचा चौक मात्र राहिला. पूर्वी तो बाल्टेनप्लाट्झ होता, बाल्टिक लोकांचा चौक. आता तिथे ट्राम थांबते त्या थांब्याचे नाव बेर्झारिनप्लाट्झ आहे.