पाणथरी कोणाच्या मालकीची?

गेल्या वर्षी आईच्या मानेतली गाठ काढली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्सने चार पानी संमतीपत्र आणून दिलं. जिथे जिथे पेन्सिलने फुली मारलेली होती, तिथे तिथे मी सह्या केल्या. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: काढलेल्या भागाचा उपयोग शिक्षण व संशोधनासाठी करण्यास आमची हरकत नाही. ते मी वाचलं सही करून झाल्यावर. गाठ साधी निघाली, आई चार दिवसांत घरी आली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. 'हरकत नाही' हे आधीच छापलेलं होतं. 'हरकत आहे' म्हणायचं असेल तर त्यासाठी कागदावर जागाच नव्हती.

मग वाचता वाचता जॉन मूर भेटला. त्याला अशी जागा मिळाली होती, पण सात वर्षं उशिरा.

मूर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. अलास्काच्या तेलवाहिनीवर काम केलेला साधा माणूस. 1976 मध्ये त्याला 'हेअरी सेल ल्युकेमिया' हा दुर्मीळ रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. डेव्हिड गोल्ड यांनी प्लीहा काढायला सांगितली. प्लीहा म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती. मूरची पाणथरी फुगून प्रचंड झाली होती. 20 ऑक्टोबर 1976 ला ती काढली. ऑपरेशन उपचारासाठीच होतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याआधीच्या दोन दिवसांबद्दल. त्या दोन दिवसांत पाणथरीचे तुकडे संशोधनासाठी घेण्याच्या लेखी सूचना देऊन झाल्या होत्या, असं मूरच्या दाव्यात आहे. पेशंटला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

पुढची सात वर्षं मूर तपासणीसाठी सिअ‍ॅटलहून लॉस एंजेलिसला विमानाने जात राहिला. दर खेपेला रक्त, त्वचा, अस्थिमज्जा, वीर्य यांचे नमुने घेतले जात. हे इथेच व्हायला हवं, असं त्याला सांगितलेलं. 1983 मध्ये त्याच्यापुढे एक फॉर्म आला: माझ्या रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून तयार होणाऱ्या कोणत्याही पेशीमालिकेवरचे माझे आणि माझ्या वारसांचे हक्क मी विद्यापीठाला 'देतो' / 'देत नाही'. एकाला गोल करायचा. पहिल्यांदा त्याने 'देतो'ला गोल केला. पुढच्या वेळी त्याला शंका आली आणि त्याने 'देत नाही'ला केला. त्यावर तुमचा गोल चुकला असावा, असं सांगणारा फोन आला. मूरने वकील गाठला.

वकिलाला जे सापडलं ते असं. मूरच्या टी-लिम्फोसाइट पेशी काही उपयुक्त प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त बनवत होत्या. 1979 पर्यंत त्यांची प्रयोगशाळेत वाढत राहणारी मालिका तयार झाली होती. तिचं नाव 'मो'. जानेवारी 1981 मध्ये पेटंटचा अर्ज गेला, मार्च 1984 मध्ये पेटंट मिळालं. संशोधक म्हणून गोल्ड आणि त्यांच्या सहकारी शर्ली क्वान यांची नावं, मालक विद्यापीठ. जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीशी करार झाला: गोल्ड यांना 75,000 शेअर, शिवाय त्यांना आणि विद्यापीठाला मिळून तीन वर्षांत किमान 3 लाख 30 हजार डॉलर.

पण जिवंत गोष्टीचं पेटंट मिळतं कसं? ती वाट नुकतीच मोकळी झाली होती, आणि ती मोकळी करणारा शास्त्रज्ञ बंगालमध्ये जन्मलेला होता. आनंद चक्रवर्ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होते. तेलाचे वेगवेगळे घटक पचवणारी प्लाझ्मिडं त्यांनी एकाच जिवाणूत आणली आणि 1972 मध्ये पेटंट मागितलं. पेटंट कार्यालय म्हणालं, जिवंत वस्तूला पेटंट नाही. 16 जून 1980 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की माणसाने घडवलेला जिवाणू हा शोध आहे, तो जिवंत असला तरी. 'मो'चा अर्ज त्यानंतर सात-आठ महिन्यांत गेला.

मूरच्या दाव्याचा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 9 जुलै 1990 ला दिला. पुरावे तपासण्याच्या आधीचाच प्रश्न होता: मूर म्हणतो ते खरं धरलं, तर त्याला दाद मागता येते का? बहुमताचं उत्तर दोन तुकड्यांत आलं. डॉक्टरने आपले आर्थिक हितसंबंध पेशंटला सांगायलाच हवे होते, त्यासाठी दावा चालेल. पण काढलेल्या पेशी त्याची मालमत्ता नाहीत. पेशींना मालक मिळाला तर प्रत्येक नमुन्यामागे खटला उभा राहील आणि संशोधन थांबेल, असं न्यायालयाला वाटलं.

ही भीती पोकळ नव्हती. पेशी बशीत जगवणं ही खरी मेहनत असते. 'मो' पेशींच्याच मदतीने 1985 मध्ये जीएम-सीएसएफ या प्रथिनाचं जनुक हाती आलं. हेच प्रथिन पुढे, कर्करोगाच्या उपचारांत घटलेल्या पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी औषध म्हणून वापरात आलं. मूरच्या पाणथरीने अनोळखी माणसांचं भलं केलं, हे मला नाकारायचं नाही.

मला अडतं ते न्या. ब्रूसार्ड यांच्या वेगळ्या मतापाशी. उद्या प्रयोगशाळेतून कुणी त्याच पेशी चोरल्या, तर ती चोरीच ठरेल, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे पेशी मालमत्ता होऊ शकतात. विद्यापीठाची होऊ शकतात, कंपनीची होऊ शकतात. फक्त ज्याच्या अंगातून निघाल्या, त्याची होऊ शकत नाहीत. शरीर पवित्र आहे, त्याचा बाजार नको, हा युक्तिवादही त्या निकालात आहे. पण बाजार तर भरलाच होता. पावित्र्याची आठवण एकट्या पेशंटला करून दिली गेली.

आपल्याकडे काय? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत उलट म्हटलंय: नमुना ज्याचा घेतला, मालक तो, जैवपेढी ही फक्त विश्वस्त. वाचून बरं वाटलं. मग आईच्या फाइलमधलं संमतीपत्र पुन्हा काढलं. त्यावर मालक हा शब्द कुठेच नव्हता. खाली सही होती, तीही आईची नव्हे, माझी. गाठ तिची होती. ती त्या रात्री पूर्ण शुद्धीत होती, शेजारच्या बाईशी गप्पा मारत होती. तिला मीही विचारलं नव्हतं.

परवा विचारलं. ती म्हणाली, "कुणाच्या उपयोगी पडत असेल तर घेऊ देत की. पण विचारायचं होतं रे."

मूरचंही भांडण तिथूनच सुरू झालं होतं. तो 2001 मध्ये वारला.