झिजलेली अक्षरं

भाची सातवीत आहे. यंदा शाळेच्या बँडमध्ये तिच्या हाती ट्रम्पेट आला आणि सोबत पाच-पाच रेघांची वही. पहिल्या पानावर तिने ओळीने बारा जिलब्या काढल्या होत्या. रेघांच्या सुरुवातीला येणाऱ्या ट्रेबल क्लेफ या खुणेला बँडच्या पोरांत जिलबीच म्हणतात. शेपटी कुठून सुरू करायची, वेटोळं कितव्या रेघेभोवती घ्यायचं, हे सगळं तिला पाठ होतं. मी म्हटलं, "अगं, हा इंग्रजी जी आहे." तिने वही तिरकी धरून पाहिली. "कुठून जी?"

तिचंही बरोबर होतं. ज्यांनी मोडीतली जुनी दप्तरं पाहिली आहेत त्यांना हे लवकर पटेल. बोरू न उचलता भराभर लिहायचं म्हटलं की अक्षर हाताच्या सोयीने वळतं, आणि दोनतीनशे वर्षांनी मूळ अक्षर सांगूनही ओळखू येत नाही. नकलून घेणाऱ्या युरोपी हातांनी जीचंही तेच केलं. वेटोळं ज्या रेघेला धरून बसतं ती जी स्वराची रेघ, एवढाच त्याचा निरोप. खालच्या सुरांसाठी जो बेस क्लेफ असतो तो एफ. त्याच्या शेजारचे दोन ठिपके म्हणजे एफच्या दोन आडव्या दांड्यांचे उरलेले अवशेष.

रेघेच्या सुरुवातीला अक्षर लिहायची ही चाल रुजवली इटलीतल्या एका बेनेडिक्टिन साधूने. नाव ग्विदो, काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याआधीही मठांमध्ये गाण्याच्या पोथ्या होत्या. शब्दांच्या डोक्यावर बारीक फटकारे असत. सूर वर गेला की खाली आला एवढं त्यांवरून कळे, पण किती वर आणि किती खाली ते कळत नसे. चाल आधी पाठ असलेल्यालाच त्यांचा उपयोग. ग्विदोची तक्रार अशी की पोरं दहा-दहा वर्षं घोकतात आणि गुरू शेजारी नसला तर एक नवं पद म्हणू शकत नाहीत. त्याने सूर रेघांवर आणि रेघांच्या मधल्या जागांत बसवले. सीची रेघ पिवळी, एफची तांबडी, म्हणजे या दोन रेघा नजरेला चटकन सापडाव्यात. या दोन्ही स्वरांच्या लगेच खाली अर्धा सूर असतो आणि गाणारा घसरतो तिथेच. खड्डा कुठे आहे ते रंगाने दाखवून ठेवणारा हा मास्तर मला फार आवडतो.

पोंपोझाच्या मठातल्या सहकाऱ्यांना तो तितकासा आवडला नसावा. त्यांच्या मत्सराबद्दल त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तो अरेझ्झोला निघून गेला, तिथल्या बिशपने आश्रय दिला, आणि बातमी रोमपर्यंत पोचून एकोणिसाव्या पोप जॉनने त्याला बोलावून घेतलं. मिखाएल नावाच्या साधुमित्राला लिहिलेल्या पत्रात ग्विदो सांगतो, की पोपने पोथी चाळली आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः म्हणून दाखवता आल्याशिवाय ते जागचे उठले नाहीत. रोमचा दमट उन्हाळा मात्र ग्विदोला सोसला नाही. तो परतला.

त्याच पत्रात दुसरी युक्ती आहे. सेंट जॉनचं एक लॅटिन स्तोत्र घ्यायचं. त्यातल्या पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्या चरणापेक्षा एक सूर वर सुरू होतो. त्या चरणांची पहिली अक्षरं म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. स्तोत्र पाठ असलं की सहा सुरांची शिडी पाठ झाली. गायकांचे आवाज मोकळे व्हावेत म्हणून केलेल्या प्रार्थनेतून स्वरांची नावं निघाली, हे जुळलंही छान. सातव्याला नाव पुढे काही शतकांनी मिळालं. सेंट जॉनच्याच लॅटिन नावाची आद्याक्षरं जोडून 'सी'. तोंड बंद करणारा 'उत' गायला अवघड, म्हणून सतराव्या शतकात इटलीत त्याचा 'डो' झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने प्रत्येक स्वराचं आद्याक्षर वेगळं हवं म्हणून या सातव्या 'सी'चा 'टी' केला. सिनेमातल्या गाण्यामुळे आपल्याला ठाऊक आहे तो हाच टी.

शब्दाचं पहिलं अक्षर उचलायची ही रीत आपल्याला नवी नाही. षड्ज, ऋषभ, गांधारांचे सा, रे, ग करून आपण बसलोच होतो. तमिळनाडूत कुडुमियानमलैच्या खडकावर अशी स्वराक्षरं कोरलेली आहेत. तो लेख सातव्या-आठव्या शतकातला मानतात, म्हणजे ग्विदोच्याही आधीचा.

पण खरी गंमत बीची. जुन्या पद्धतीत हा एकच स्वर दोन रूपांत येई, एक अर्धा सूर उतरलेला आणि एक सरळ. अक्षर एकच, म्हणून लिहिणाऱ्यांनी आकार बदलला. उतरलेल्याला गोल पोटाचा बी, सरळ असलेल्याला चौकोनी. गोल बी तो आजचा फ्लॅट. चौकोनी बी घासत-घासत त्याचेच नॅचरल आणि शार्प झाले. जर्मनीत चौकोनी बी एचसारखा दिसू लागला आणि तिथे त्या स्वराचं नावच एच पडलं. त्यामुळे बाखला आपलं आडनाव चार स्वरांत लिहिता आलं, आणि अखेरच्या अपुऱ्या फ्यूगमध्ये त्याने ते लिहिलंही.

गोल बीला लॅटिनमध्ये 'मऊ बी' म्हणत, चौकोनीला 'कठीण बी'. पोर्तुगीजमधला 'बेमोल' हा त्या मऊ बीचाच वंशज. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सोल-फाचे धडे मिळत. तिथे वाचायला शिकलेली बोटं पुढे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत आली. शंकर-जयकिशनच्या चालींवर सेबॅस्टियन डिसूझा व्हायोलिनांचे ताफे रचायचे ते याच रेघांवर. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पडद्यावर अंड्यातून बाहेर येणाऱ्या अँथनीचं आडनाव कुणाचं, हे वाद्यवृंदातल्या माणसांना सांगावं लागत नव्हतं.

आणि आपण? उतरलेल्या स्वराला आपणही 'मऊ'च म्हणतो, फक्त शब्द 'कोमल'. दोन्हीकडच्या कानांना उतरता स्वर नरम का वाटला कोण जाणे. भातखंड्यांनी आपल्या लिपीत त्याला वेगळं अक्षर दिलं नाही. खाली एक आडवी रेघ मारली आणि काम भागवलं. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचे हाल काय झाले असतील ते असोत.

परवा भाचीची वही पुन्हा हाती आली. एव्हाना जिलब्या सराईत झाल्या होत्या. राष्ट्रगीत संपून कुठलं तरी संचलन सुरू झालं होतं, आणि स्वरांच्या काळ्या गोळ्यांखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात सा, रे, ग लिहिलं होतं. सरांना दिसू नये इतकं फिकं. ती पेटीच्या क्लासलाही जाते, तिथे पांढरी एकचा सा धरून बसवतात, म्हणून इथेही सीला तिने सा मानलं होतं. तिसऱ्या ओळीत बीच्या अलीकडे गोल पोटाचा फ्लॅट होता. त्याच्याखाली 'नि', आणि 'नि'च्या खाली आडवी रेघ.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? कोमल आहे ना तो," ती म्हणाली, आणि वही ओढून घेऊन तिने व्हॉल्व्हना तेल घालायला घेतलं.